फुकटचं ऑफिस आणि ओरखडलेला स्क्रू

वाचकाचं पत्र, थोडक्यात

सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या एका ताईंचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देते.

ताई एका कर सल्लागारांकडे हिशेबाचं काम करतात, सकाळी ऑफिसात आणि दुपारनंतर घरून. मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या काही अडत्यांचे जीएसटी रिटर्न त्या भरतात. जुना लॅपटॉप बंद पडला म्हणून त्यांनी ऑनलाइन सेलमध्ये ५४ हजारांचा नवा मागवला, पतीच्या कार्डावर, बारा हप्त्यांत. बॉक्स आला तो टेपवर टेप मारलेला. वरची टेप कुरियरची होती आणि खालची अर्धवट उचकटून पुन्हा दाबलेली. लॅपटॉप उलटा केला तर मागच्या झाकणाचा एक स्क्रू ओरखडलेला दिसला. चालू केल्यावर त्याने देश, भाषा, वायफाय काहीच विचारलं नाही. ‘ॲडमिन’ नावाने सरळ डेस्कटॉप उघडला. त्यात मायक्रोसॉफ्ट ऑफिस आधीपासून भरलेलं होतं: ‘प्रोफेशनल प्लस’, ॲक्टिव्हेट केलेलं.

पती म्हणतात, “चालतोय ना? वर ऑफिस फुकट मिळालं. कुरियरवाले बॉक्स फोडतातच, उगाच शंका काढत बसू नको.” बारावीतला मुलगा म्हणतो, “आई, यात काहीतरी घातलंय, परत कर.” या वादात चार दिवस गेले. तेवढ्यात ताईंनी त्यावर नेट बँकिंग केलं, दोन रिटर्न भरले, एका अडत्याची डिजिटल सही टोकन (सही साठवलेलं पेनड्राइव्हसारखं उपकरण) लावून वापरली. आता त्यांना झोप लागत नाही. ओळखीच्या रिपेअरवाल्याकडून लॅपटॉप उघडून बघावा का? साहेबांना सांगावं का? पत्राच्या शेवटी त्या लिहितात, “मीच स्वस्ताच्या मागे लागले, आता दोष कुणाला देऊ?”

ताई,

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण माझ्या मते तुमची झोप स्क्रूने कमी आणि त्या वाक्याने जास्त उडवली आहे. सेलमध्ये किंमत उतरते, पण म्हणून ‘नवा’ या शब्दाचा अर्थ उतरत नाही. तुम्ही नवा लॅपटॉप मागवलात, पैसे नव्याचे भरलेत. जे आलं ते नवं नसेल, तर त्यात तुमची चूक तीळभरही नाही. हा दोष स्वतःकडे घेतला की माणूस तक्रार करायला कचरतो, आणि परतीची मुदत तशीच निघून जाते. म्हणून तर पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला दोन ओळी कळवल्या: फोटो काढा, ॲपवर तक्रार नोंदवा, टोकन त्या लॅपटॉपला पुन्हा लावू नका. तेव्हा परतीच्या दहा दिवसांतले सहा उरले होते. तक्रार नोंदवल्याचं तुम्ही कळवलंत, बरं वाटलं. बाकीचं आता सविस्तर लिहिते.

घरात दोन बाजू पडल्यात, पण दोन्ही बाजू बघतायत बॉक्सकडेच. तुम्ही ज्यांचे हिशेब लिहिता त्या अडत्यांना विचारा, पोत्याचं तोंड नीट शिवलंय एवढ्यावर कुणी हळदीचा सौदा करतं का? पोत्यात हात घालून हळकुंड काढतात, मोडतात, आतला रंग बघतात. शिवण उसवलेली असली तरी माल चांगला निघू शकतो, आणि शिवण नवीकोरी असून आत भेसळ निघू शकते. बॉक्सच्या टेपचं तेच आहे. कित्येक लॅपटॉपांच्या बॉक्सला कारखान्यातच साध्या पारदर्शक टेपच्या दोन पट्ट्या असतात. कुरियरच्या गोदामात आपटून सुटलेल्या बॉक्सवर पुन्हा टेप मारलेली असू शकते. एवढ्यापुरतं तुमच्या यजमानांचं म्हणणं मला मान्य आहे. टेपवरून फक्त शंका घ्यायची, निकाल हळकुंड मोडल्यावर.

आता शंका नेमकी कसली? ‘कुणीतरी हात लावलाय’ या एका वाक्यात तुम्ही तीन वेगळ्या भीती एकत्र बांधल्यात. त्या सोडवून बघू.

पहिली म्हणजे वापरलेली वस्तू नवी म्हणून गळ्यात मारणं. कुणीतरी लॅपटॉप घेतो, चार दिवस वापरतो, परत पाठवतो. तो विक्रेत्याच्या गोदामात जातो. तिथून तो ‘परत आलेला’ असं सांगून कमी भावात विकला जायला हवा. त्याऐवजी बॉक्सला टेप मारून पुन्हा नव्याच्या रांगेत ठेवला जातो. माझ्याकडे येणाऱ्या अशा पत्रांत हीच कहाणी सर्वांत जास्त वेळा असते.

दुसरी, आतले भाग बदलणं. १६ जीबीची रॅम (चालू कामापुरती मेमरी) काढून ८ ची घातली, कंपनीच्या एसएसडीच्या (फाइली साठवणाऱ्या भागाच्या) जागी हलकी बसवली. याचीच सरळ बाजूही आहे, ती लक्षात घ्या. काही विक्रेते कंपनीकडून कमी रॅमचं मॉडेल घेतात, स्वतः रॅम वाढवतात आणि जास्त रॅमचं म्हणून विकतात. तसं असेल तर जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘रॅम वाढवण्यापुरता बॉक्स उघडला आहे’ अशा अर्थाची ओळ असते. तुमच्या ऑर्डरचं पान उघडून शेवटपर्यंत वाचा. तशी ओळ सापडली तर स्क्रूचं कोडं सुटलं. नसेल, तर स्क्रू कुणी आणि कशासाठी फिरवला हे सांगणं विक्रेत्याचं काम आहे.

तिसरी भीती मुलाची: कुणीतरी पाळत ठेवायला आत काही घातलंय. अशी गोष्ट जगात घडलेली आहे, उगाच नाकारणार नाही. अमेरिकेची गुप्तहेर संस्था एनएसए परदेशी पाठवले जाणारे राउटर वाटेत अडवून, उघडून, त्यात आपली यंत्रणा बसवून पुन्हा पॅक करत असे. तिथेच कंत्राटावर काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर आणलेल्या कागदपत्रांतून २०१४ मध्ये हे फोटोसकट जगासमोर आलं. पण तिथे एकेक गिऱ्हाईक हेरून निवडलेलं होतं, आणि खर्च करायला एका देशाची तिजोरी होती. सेलमधला लॅपटॉप कुणाच्या घरी जाणार हे पॅक करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आत चिप बसवली असेल ही भीती मनातून काढून टाका.

मला खरी काळजी वाटते ती त्या गोष्टीची, जिला घरात ‘फायदा’ म्हटलं गेलं: फुकटचं ऑफिस.

नव्या लॅपटॉपसोबत अधिकृत ऑफिस येतं, नाही असं नाही. पण ते बहुधा ‘होम’ किंवा ‘होम अँड स्टुडंट’ प्रकारचं असतं, आणि तुम्ही स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केल्याशिवाय ते चालू होत नाही. ‘प्रोफेशनल प्लस’ ही आवृत्ती मायक्रोसॉफ्ट मोठ्या संस्थांना एकगठ्ठा परवान्यावर देतं. घरगुती लॅपटॉपमध्ये ती आधीच चालू होऊन येण्याचं सरळ कारण मला तरी दिसत नाही. बहुतेक वेळा ती क्रॅक, म्हणजे परवान्याची अट चुकवणारा प्रोग्राम, वापरून चालू केलेली असते. हा क्रॅक तुमच्या लॅपटॉपला भासवतो, की आपण एका मोठ्या कंपनीच्या नेटवर्कवर आहोत आणि परवाना तिथल्या सर्व्हरने दिलाय. तसा परवाना १८० दिवसांचा असतो. तो मुदतीआधी नव्याने घेत राहायला एक छोटा प्रोग्राम लॅपटॉपमध्ये कायमचा बसवतात. तो टिकावा म्हणून अँटिव्हायरसला ‘या फोल्डरकडे बघू नकोस’ असं सांगून ठेवतात.

म्हणजे काय झालं बघा. कुणा विक्रेत्याच्या टेबलावरच्या मुलाने, बहुधा कसलाही वाईट हेतू नसताना, गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून पेनड्राइव्हवरून ऑफिस भरलं. तो क्रॅक त्याने इंटरनेटवरून कुठून तरी उतरवला. त्यात आणखी काय होतं हे त्यालाही माहीत नाही. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम लोकांच्या घरात शिरतात ते अशाच फुकटच्या वाटेने. ऑफिस चालतं, लॅपटॉप चालतो, आणि अँटिव्हायरस शांत बसतो कारण त्याचे डोळे बांधलेले असतात. तुमचे यजमान म्हणतात “चालतोय ना?” तर हो, चालतोय. पण अशा प्रोग्रामला लॅपटॉप उत्तम चाललेलाच हवा असतो.

मुलाला शेजारी बसवा आणि हे बघा. तो हुशार दिसतोय, त्याची शंका थट्टेवारी नेऊ नका, तिला काम द्या.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ उघडा. तिथे ‘डिजिटल लायसन्स’ लिहिलं असेल तर विंडोज बहुधा ठीक. ‘युवर ऑर्गनायझेशन’च्या सेवेने ॲक्टिव्हेट केलंय असं लिहिलं असेल, तर विचारा, कुठली संस्था? तुम्ही तर घरी आहात. मग ‘विंडोज सिक्युरिटी’त व्हायरसच्या सेटिंग्जमध्ये खाली ‘एक्सक्लूजन्स’ नावाची यादी असते, अँटिव्हायरसने कशाकडे बघू नये त्याची. नव्या लॅपटॉपवर ती रिकामी असायला हवी. त्यात एकही फोल्डर दिसला, तर मला पुढचं काही बघायची गरज वाटत नाही. तिसरं, भरलेल्या प्रोग्रामच्या यादीत ‘एनीडेस्क’, ‘टीमव्ह्यूअर’ असं दुरून स्क्रीन चालवणारं काही आहे का ते पाहा. प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलने काढा, लॅपटॉपचा स्क्रीनशॉट नको.

लॅपटॉप वापरलेला आहे का, हे तर तो स्वतःच सांगतो. एसएसडी आपण किती तास चालू होतो याची नोंद ठेवतो. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत प्रोग्राममध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ म्हणून हा आकडा दिसतो. तो शून्य असावा असं समजू नका, कारखान्यात विंडोज भरताना आणि चाचणी घेताना काही तास जातात. तुमचे स्वतःचे चार दिवसही वजा करा. उरलेला आकडा शंभर-दोनशेच्या घरात असेल, तर तो लॅपटॉप आधी कुणाच्या तरी घरी नांदलाय. विंडोज बॅटरीचाही अहवाल काढून देतं. त्यात बॅटरी किती वेळा पूर्ण चार्ज झाली ते बऱ्याच मॉडेलांत कळतं आणि मूळ क्षमतेपैकी किती उरली तेही दिसतं. आणि सीरियल नंबर: बॉक्सवरचा, लॅपटॉपच्या पाठीवरचा, आतल्या बायोसमधला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्राममधला) आणि बिलावर छापला असेल तर तोही. सगळे एकच हवेत. तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली तेही पाहा. ती तुमच्या खरेदीच्या काही महिने आधी सुरू झालेली दिसली तरी लगेच घाबरू नका, काही कंपन्या माल कारखान्यातून निघाल्यापासून मोजतात आणि बिल दाखवल्यावर तारीख दुरुस्त करून देतात. पण फोटो काढा.

स्क्रूबद्दल सांगलीकरांना मी काय शिकवायचं? २०१९ च्या महापुरानंतर घरोघर टीव्ही, मिक्सर उघडून गाळ काढताना स्क्रूचं डोकं आणि फटीतली माती वाचायला आपण शिकलोच. तसंच इथे बघा. एकच स्क्रू ओरखडलाय की सगळ्यांवर पेचकसाच्या खुणा आहेत? एखादा स्क्रू बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे का? झाकणाच्या कडेला प्लॅस्टिक उचकटल्याचा पांढरा डाग आहे का?

पण झाकण उघडू नका, आणि रिपेअरवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका. तो माणूस प्रामाणिक आहे, मला शंका नाही. अडचण अशी, की त्याने उघडलं त्या क्षणी “स्क्रू आधीपासून ओरखडलेला होता” हे तुमचं म्हणणं दुबळं पडतं. कंपनी म्हणेल, तुमच्याच माणसाने उघडला. लॅपटॉप आतून बघायचाच असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये, आणि बघितल्याचा लेखी कागद घेऊन. ऑनलाइनवर भरवसा नाही म्हणून सगळं गावातच घ्यावं, असंही तुमच्या पत्राच्या कडेने वाटून जातं. दुकानातही डेमोला ठेवलेला पीस नवा म्हणून दिला जाऊ शकतो. फरक इतकाच, की दुकानात आपण काउंटरवरच बॉक्स उघडायला लावतो. ते ऑनलाइन मालाच्या बाबतीतही करता येतं. बऱ्याच साइट महागड्या वस्तूंना ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ देतात, म्हणजे पोहोचवणाऱ्यासमोर बॉक्स उघडायचा आणि मगच ओटीपी सांगायचा. ओटीपी आधी देऊन टाकू नका.

आता तुमच्या चार दिवसांबद्दल. त्यात वापरलेले पासवर्ड बाहेर गेलेच असतील असं नाही, पण गेले असं धरूनच वागा. पासवर्ड बदला ते तुमच्या मोबाइलवरून किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून. या लॅपटॉपवरून बदलाल तर नवाही त्याच वाटेने जाईल. आधी ईमेलचा, कारण बाकीचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. बदलल्यावर ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय दाबा. मग बँक, मग जीएसटी आणि आयकर पोर्टलचे. महिनाभर खात्याचं स्टेटमेंट रोज बघा. पैसे गेल्याचं दिसलं तर वाट न पाहता १९३० वर फोन करा. सायबर फसवणुकीचा तो राष्ट्रीय क्रमांक आहे आणि जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

डिजिटल सहीच्या टोकनबद्दल थोडा दिलासा आहे. सहीची गुप्त किल्ली टोकनच्या आतच राहते, फाइलसारखी तिची नक्कल करून नेता येत नाही. धोका टोकन लॅपटॉपला लावलेलं असतानाचा, कारण तेव्हा पिनही तुम्ही तिथेच टाइप करता. म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टोकन लावून पिन बदला, आणि त्या दिवशी तुम्ही न केलेली सही कुठे झाली नाही ना, ते पोर्टलवर तपासा.

हे सगळं साहेबांना न सांगता करता येणार नाही, ताई. करूही नका. तुम्ही लिहिलंय, “साहेब म्हणतील, घरच्या लॅपटॉपवर डीएससी (डिजिटल सही) लावलीच कशी?” म्हणतील कदाचित. पण ते पासवर्ड, ती सही, ते हिशेब अडत्यांचे आहेत, आणि अडत्यांनी ते साहेबांच्या भरवशावर दिलेत. उद्या काही निघालं आणि तुम्हाला आठवडाभर आधी माहीत होतं असं समोर आलं, तर ते बोलणं आजच्यापेक्षा पुष्कळ जड जाईल. आज सांगितलंत तर तुम्ही तपास करून, उपाय घेऊन आलेल्या असाल. भरलेल्या रिटर्नची यादी, बदललेल्या पासवर्डची यादी, दोन्ही कागदावर लिहून न्या. अडत्यांना सांगायचं का आणि काय, हे साहेबांनी ठरवू दे. ते ओझं एकट्याने वाहू नका.

इथे माझा एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक ‘नवी’ पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली. चुकून पुसलेली एक फाइल परत मिळवायला मी रिकव्हरीचा प्रोग्राम चालवला आणि माझ्या फाइलच्या बरोबरीने एका अनोळखी घरचं लग्न वर आलं. ‘हळद’, ‘सीमांतपूजन’, ‘आजी’ अशी फोल्डरं. एका फोटोत पिवळ्या हातांची नवरी मान वळवून हसत होती. मला आधी राग आला तो फसवणुकीचा. मग जाणवलं, की त्या मुलीला कल्पनाही नाही की तिची हळद माझ्या टेबलावर आहे. तिच्या घरच्यांनी डिस्क परत करताना फोटो नुसते डिलीट केले असतील आणि पुसले गेले असं समजले असतील. विक्रेत्याने तर डिस्क पुसायचे कष्टही घेतले नव्हते. मी ते फोटो पुन्हा उघडले नाहीत, डिस्क पूर्ण पुसून परत पाठवली. तुमचा लॅपटॉपही उद्या कुणाच्या तरी टेबलावर जाणार आहे, आणि त्यात अडत्यांचे पॅन आणि बँकेचे उतारे आहेत.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी पुरावे: फोटो, बॉक्स, बिल, आकडे. मग ॲपवर नोंदवलेल्या तक्रारीला जोडून सविस्तर तक्रार, आणि परत घ्यायला येणार त्या तारखेची खात्री. त्यानंतर फाइली काढून घ्या, पण फक्त एक्सेल, पीडीएफ अशा स्वतःच्या फाइली, कुठलाही प्रोग्राम नाही. आणि सर्वांत शेवटी विंडोजचं ‘रीसेट’, ‘सगळं काढून टाका’ आणि त्यातलं ‘ड्राइव्ह साफ करा’ हे पर्याय निवडून. आधीच पुसून बसलात तर ‘ॲडमिन’ खातं आणि फुकटचं ऑफिस, दोन्ही पुरावे जातील. लॅपटॉप न्यायला माणूस येईल तेव्हा सीरियल नंबर दिसेल असा व्हिडिओ काढा आणि पोच घ्या. नाही तर ‘दुसराच लॅपटॉप परत केला’ असा उलटा आरोप यायचा.

तक्रारीत काय लिहायचं हे फार महत्त्वाचं आहे. ‘यात हॅकिंग आहे’, ‘कुणी पाळत ठेवतंय’ असं लिहू नका. ते खोटं म्हणून नव्हे, ते सिद्ध करायची जबाबदारी तुम्ही विनाकारण अंगावर घेता म्हणून. कस्टमर केअरवाला लगेच म्हणतो, “मॅडम, अँटिव्हायरस टाका.” तुम्ही फक्त एवढं लिहा:

“मी नवा लॅपटॉप मागवला होता. आलेल्या लॅपटॉपवर पहिल्यांदा चालू करतानाच ‘ॲडमिन’ नावाचं खातं तयार होतं. मी न भरलेलं ऑफिस ॲक्टिव्हेट केलेलं होतं. मागचा स्क्रू ओरखडलेला आहे. एसएसडीवर माझ्या वापराआधीचे इतके तास नोंदलेले आहेत. वस्तू जाहिरातीत म्हटल्याप्रमाणे नवी नाही. मला दुरुस्ती नको, बदली किंवा पूर्ण परतावा हवा. फोटो जोडले आहेत.”

या चार तथ्यांपैकी एकही खोडता येण्याजोगं नाही. कायदाही याच भाषेत बोलतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. त्यानुसार सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. “आम्ही फक्त मध्यस्थ” असं साइट म्हणाली, तर विक्रेत्याचं नाव-पत्ता मागा, तो देणं तिच्यावर बंधनकारक आहे. प्रत्येक साइटचा तक्रार निवारण अधिकारी असतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. चॅटवर चाललेलं सगळं बोलणं ईमेलवरही पाठवून ठेवा.

तिथे हलेनात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीतही बोलता येतं. माझा अनुभव असा, की तिथला तक्रार क्रमांक ईमेलमध्ये टाकला की बरेच विक्रेते नरमतात. तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे सांगलीतच. कंपनीचं ऑफिस कुठल्या का शहरात असेना. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते आणि मुदत दोन वर्षांची आहे. सात किंवा दहा दिवसांची परतीची मुदत हा साइटचा नियम. ती उलटली म्हणजे हक्क उलटला, असं होत नाही.

हप्ते सुरू झालेत म्हणून परत करता येणार नाही, असंही यजमान म्हणतात असं तुम्ही लिहिलंय; ती समजूतही बरोबर नाही. परतावा आला की बँकेला कळवून हप्ते बंद करता येतात. प्रोसेसिंग फी मात्र बहुधा जाते, ती धरून चाला.

बाकीच्या वाचकांसाठी दोन गोष्टी सांगते. मोबाइल घेतला असेल तर *#०६# डायल करा. येणारा १५ आकडी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बॉक्स आणि बिलाशी जुळवा, मग ‘केवायएम’, एक मोकळी जागा आणि तो नंबर, असा एसएमएस इंग्रजी अक्षरांत १४४२२ वर पाठवा. नंबर काळ्या यादीत आहे किंवा दुसऱ्या फोनवर वापरात आहे, हे दूरसंचार विभाग तिथेच सांगतो. हेच दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरही बघता येतं. नव्या फोनने आधीच्या माणसाचं गुगल खातं मागितलं, तर पुढे जाऊच नका. आणि टीव्हीला लावायचे बिनानावाचे स्वस्त अँड्रॉइड बॉक्स टाळा. मघाशी मी ताईंना आत काही घातल्याची भीती काढून टाका म्हटलं, ते या बॉक्सना लागू नाही. ‘बॅडबॉक्स’ नावाचं मालवेअर कारखान्यापासूनच आत घेऊन आलेली अशी उपकरणं जगभर सापडली आहेत. २०२४ च्या डिसेंबरात जर्मनीच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने त्यांच्या देशातल्या सुमारे ३० हजार उपकरणांचा हे मालवेअर चालवणाऱ्या टोळीशी असलेला संपर्क तोडला, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेही लोकांना सावध केलं. घरातल्या वायफायवर असा बॉक्स लावणं म्हणजे अनोळखी माणसाला ओसरीवर मुक्कामाला ठेवणं.

ताई, यजमानांशी बोलताना टेपचा आणि स्क्रूचा विषय काढू नका, त्यावर ते पुन्हा कुरियरवर येतील. त्यांना ॲक्टिव्हेशनचं पान दाखवा, एसएसडीचे तास दाखवा आणि विचारा, “हे तास कुणी वापरले?” आकड्याशी भांडता येत नाही. आणि मुलाला सांगा, हेर नाही निघाला, पण शंका तुझी खरी होती.

बदली लॅपटॉप येईल तेव्हा पोहोचवणाऱ्यासमोर बॉक्स उघडा, व्हिडिओ सलग ठेवा, आधी सीरियल नंबर आणि मग स्क्रू. चालू केल्यावर त्याने तुम्हाला देश, भाषा, वायफाय, सगळं कंटाळा येईपर्यंत विचारायला हवं. तो विचारत राहिला तर ओटीपी द्या. आणि आतमध्ये पुन्हा आधीच ॲक्टिव्हेट केलेलं ऑफिस तयार बसलेलं दिसलं, तर बॉक्स तिथेच बंद करून त्या माणसाच्या हातात परत द्या.